शेवटचे दोन आकडे

राग आला की माझा आवाज चढत नाही, उलट स्वच्छ होतो. तेहेतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली त्याचा हा परिणाम. समोरचा कितीही बोंबलू दे, आपण एकेक आकडा सुटा सुटा म्हणायचा. म्हणून त्या सकाळी नोटीस बोर्डासमोर मी "एक, सात, शून्य, दोन" असं म्हटलं, तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या आमच्या शेजारणीला, लताला, वाटलं मी नुसतं वाचतेय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, ते तिला कळलं नाही.

बोर्डावर नव्या घरांची यादी लागली होती. आमची 'श्रमसाफल्य' सोसायटी मुलुंड पूर्वेला, नवघर रोडच्या आतल्या गल्लीत. तळमजला अधिक तीन माळे, बत्तीस घरं, लिफ्ट नाही. आता ती पाडून एकोणीस माळ्यांचा टॉवर होणार. खाली पार्किंग, राहती घरं दुसऱ्या माळ्यापासून. दुसऱ्या माळ्यावर चारच घरं, आणि ती आजारी सभासदांना द्यायची असं सगळ्यांच्या सह्यांनी ठरलेलं. त्या चारांत आमचं नाव पहिलं होतं. आता तिथे तीन नावं तशीच होती आणि आमच्या जागी 'नाईक, चंद्रप्रकाश' असं लिहिलं होतं. कारण: कंबरदुखी. आम्ही कुठे, तर पार खाली शेवटच्या ओळीत. 'घाडी, इरावती शिवदास. १७०२.'

सतरावा माळा. आमच्या ह्यांना.

आमचे हे लिफ्टमध्ये पाय टाकत नाहीत. चार वर्षांपूर्वी दातांच्या डॉक्टरकडून उतरताना आम्ही दोघं लिफ्टमध्ये पस्तीस मिनिटं अडकलो आणि त्या पस्तीस मिनिटांत ह्यांना झटका आला. माझ्या खांद्यावर कलंडले. लिफ्टमध्ये मदतीचा फोन होता, मी तो कानाला लावून उभी होते आणि पलीकडे रिंग वाजत होती. जन्मभर मी दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, आणि त्या दिवशी माझा कुणी उचलला नाही. ह्यांची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. तेव्हापासून लिफ्टचं दार दिसलं तरी ह्यांच्या अंगाला घाम फुटतो.

टॉवरचा प्लॅन आला तेव्हा ह्यांनी आर्किटेक्टला एकच प्रश्न विचारला होता. पायऱ्या किती? दुसऱ्या माळ्यापर्यंत छत्तीस. आम्ही राहतो तळमजल्यावर, पण आमच्या जुन्या जिन्यालाही दुसऱ्या माळ्यापर्यंत तेवढ्याच. दुसऱ्या दिवसापासून हे सकाळी सातला काठी घेऊन जिन्याशी उभे. पहिल्या आठवड्यात चार पायऱ्या, मग नऊ. डावा हात कठड्यावर, उजवा पाय ओढत, मोजत मोजत. गेल्या महिन्यात छत्तीस झाल्या. त्या दिवशी वरून खाली यायला ह्यांना अर्धा तास लागला, पण आल्यावर चहा मागून घेतला, साखर घालून, डॉक्टर गेला खड्ड्यात.

मी बोर्डावरून तडक चंदूच्या घरी गेले. चंद्रप्रकाश नाईक म्हणजे आमचा सेक्रेटरी, आम्ही चंदू म्हणतो. मी त्याला अर्ध्या चड्डीत बघितलाय. तो नाश्ता करत होता.

"चंदू, आमचं नाव सतराव्या माळ्यावर कसं गेलं रे?"

"काकी, बसा ना. पोहे घेणार?"

"पोहे राहू देत. नाव कसं गेलं?"

"तुम्हीच तर माघार घेतली, काकी. तुमचा मेल आला. बावीस तारखेला. तुमच्या रजिस्टर्ड आयडीवरून."

"मी मेल पाठवला? मला मेल उघडता तरी येतो का?"

"मग घरातल्या कुणी पाठवला असेल. दिशा पाठवते ना तुमचं सगळं?" त्याने लिंबू पिळलं. "आता कमिटीने मेल धरून चालायचं. कागदावर काय, कोणीही काहीही लिहून देतं."

"दाखव मला तो मेल."

"अहो, तुमचाच मेल आहे, तुमच्या फोनवर बघा." आणि मग माझ्या हातातल्या फोनकडे बघून हसला. "पण हा पुरातन वस्तुसंग्रहालयातला पीस आहे. ह्याच्यात मेल येत असेल असं वाटत नाही. टेन्शन नका घेऊ काकी, सतराव्या माळ्यावर हवा झकास आहे."

हवा झकास आहे. हे वाक्य मी जिना उतरताना आठ वेळा स्वतःशी म्हटलं.

आणि मग मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. चंदूवरचा राग मी पोटच्या पोरीवर काढला. दिशा, माझी मुलगी, नाशिकला असते. तिला फोन लावला आणि सरळ म्हटलं, "बाबांना सतराव्या माळ्यावर कोंडून ठेवायचं तूच ठरवलंस ना? कोपऱ्यातली अडगळ झालेत ना ते?"

"आई," ती म्हणाली, "त्या मेलचा पासवर्ड तू मला कधी सांगितलायस?"

सांगितला नव्हता. मलाच धड माहीत नव्हता. माझा तो ई-मेल आयडी कसा निघाला होता ते सांगते, म्हणजे आम्ही बत्तीस घरं मिळून किती शहाणी आहोत ते कळेल.

आमच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला सत्यनारायण असतो. सकाळी झेंडा, दुपारी पूजा, संध्याकाळी बायकांचं हळदीकुंकू. तीन वर्षांपूर्वी कमिटीने ठरवलं, आता सगळ्या नोटिसा, हरकती, संमती, सगळं ई-मेलवर. अर्ध्या सभासदांना मेल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तेव्हा चंदूने पूजेच्या मांडवातच टेबल टाकलं. एका हाताला प्रसादाचा शिरा, दुसऱ्या हाताला चंदू. शिरा घ्यायचा आणि तसंच पुढे सरकून ई-मेल काढून घ्यायचा. चंदू आमचे फॉर्म भरत आलाय, गॅसचे, रेशनचे, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचे. ज्याला कळतं त्याच्याकडे फॉर्म द्यायचा आणि आपण निर्धास्त व्हायचं, ही आमची रीत.

माझी पाळी आली तेव्हा त्याने विचारलं, "काकी, इथे मोबाइल नंबर लागतो. कोड वगैरे येत राहतात, तुम्हाला कटकट. माझाच टाकू?" माझ्या एका हातात शिऱ्याचा द्रोण, तूप ओघळत होतं. मी म्हटलं, "टाक बाबा, तूच बघ काय ते." वर त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. पासवर्ड त्याने चिठ्ठीवर लिहून दिला, तो मी घरी येऊन कॅलेंडरच्या मागे उतरवून ठेवला. त्यानंतर नोटिसा मेलवर यायच्या म्हणे, पण चंदू त्याची प्रत काढून दाराखाली सरकवायचा. मग मेल उघडतो कोण? मांडीवर मान ठेवली होती आम्ही त्याच्या, पूजेच्या साक्षीने.

हे सगळं मी दिशाला सांगितलं. "फोन ठेवू नकोस," ती म्हणाली. "लँडलाइनवरून बोल आणि मोबाइल हातात घे."

हा मोबाइल तिनेच नऊ वर्षं वापरून मला दिलेला. काचेला कोपऱ्यात तडा, बॅटरी फुगून पाठ थोडी वर आलेली. मेलचं नवं ॲप घालायला गेले, तर फोन म्हणाला, आपल्या उपकरणासाठी हे उपलब्ध नाही. दुसरं घालून पाहिलं, तेही नाही. माझ्याच वयाचं झालंय ते उपकरण, कुणी दारात उभं करत नाही. मग दिशाने फोनमध्ये आधीपासून असलेलं एक जुनं पाकिटाचं चित्र शोधायला लावलं. त्यात शिरले तर प्रश्नच प्रश्न. येणाऱ्या मेलचा सर्व्हर कुठला, जाणाऱ्याचा कुठला, त्यांचे पोर्ट काय.

"आई, लिही. नऊ, नऊ, तीन."

आकडे म्हटल्यावर माझा हात बसला. हे तर एक्स्चेंजच होतं. येणारी लाइन वेगळी, जाणारी वेगळी, प्रत्येकीचं भोक ठरलेलं, चुकीच्या ठिकाणी खुपसलंत तर पलीकडे भलताच माणूस. एवढ्या साध्या गोष्टीसाठी लोक 'काकी तुम्हाला नाही जमणार' म्हणतात! दोन तास लागले. मधे हे बाहेर येऊन बघून गेले आणि काही न विचारता माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवून गेले, डाव्या हाताने, अर्धा सांडत.

सगळं भरलं, कॅलेंडरमागचा पासवर्ड टाकला. 'पासवर्ड चुकीचा आहे.' पुन्हा टाकला. चुकीचा.

"कुणीतरी बदललाय," दिशा म्हणाली. "पासवर्ड विसरलात का, असं दिसतंय? ते दाब."

दाबलं. गोल चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग एक ओळ आली. 'आम्ही या नंबरवर कोड पाठवू.' पुढे आठ काळे ठिपके आणि शेवटी दोन आकडे. ८३.

मला माणसांचे चेहरे विसरायला होतात, नंबर नाही. आमच्या बत्तीस घरांचे एकेचाळीस मोबाइल नंबर मला तोंडपाठ आहेत. मी डोळे मिटून पहिल्या घरापासून सुरुवात केली. खरं तर गरज नव्हती, हातच्या कांकणाला आरसा कशाला, पण सवय. एकेचाळिसातला एकच नंबर त्र्याऐंशीवर संपतो.

"आई, कोणाचा आहे?"

"ज्याची कंबर दुखते त्याचा," मी म्हटलं.

दिशा म्हणाली, कोड पाठव, मग त्याला जाब विचार. मी म्हटलं, नाही. आम्हाला कामावर पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवली होती. लाइन जोडण्याआधी दोन्ही टोकांना माणूस आहे ना, ते बघायचं. आत्ता बटण दाबलं असतं, तर चंदूने घरात बसून मेसेज पुसला असता आणि हे सगळे म्हाताऱ्या बाईचे भास ठरवले असते. रविवारी सकाळी दहाला सभा होती. तोवर तीन दिवस मी गप्प राहिले. चंदू जिन्यात भेटला, "काय काकी, झाला का मेल सुरू?" म्हणाला. मी म्हटलं, "कुठला रे, जुना फोन." माझे दात एकमेकांवर इतके आवळले गेले की संध्याकाळपर्यंत दाढ ठणकत होती.

रविवारी पटांगणात पत्र्याच्या शेडखाली खुर्च्या मांडल्या होत्या. हे पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट, काठी गुडघ्यांमध्ये. मी शेजारी, माझ्या पलीकडे लता. समोर टेबल, त्यावर माइक. टेबलाशी चेअरमन धोंडिराम काका, वय ऐंशी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना इतका आनंद झालाय की दिसेल ते मोठ्याने वाचतात, दुकानांच्या पाट्यासुद्धा. चंदू उभा राहून माइकवर यादी वाचत होता. त्याचा फोन काकांच्या पुढ्यात, टेबलावर.

यादी संपली. "कुणाची हरकत?" चंदू म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता कागद मिटायला लागला.

"माझी आहे," मी उभी राहिले. "माझ्या मेलवरून माघार गेली म्हणतोस. तो मेल मी पाठवलेला नाही."

"काकी, आता हे सगळ्यांसमोर... मेल तुमच्या आयडीवरून आलाय. तुमचा आयडी तुमच्याकडे."

"बरं. माझा आयडी माझ्याकडे. मग त्याचा कोड माझ्याच फोनवर यायला हवा ना? हो की नाही, सांग."

"हो, म्हणजे..."

मी बटण दाबलं.

माझा फोन गप्प राहिला. टेबलावर चंदूचा फोन टुंग करून वाजला, आणि माइक जवळच होता, त्यामुळे तो सगळ्या पटांगणाला ऐकू गेला. चंदूचा हात पुढे आला, पण धोंडिराम काकांचे डोळे त्याच्या आधी पोचले होते.

"आपला पडताळणी कोड," काका माइकमध्ये वाचू लागले, "चार, शून्य, सात, नऊ, दोन, सहा. हा कोड कोणालाही सांगू नका."

लोक हसले. मी हसले नाही. मी आकडे टाकले.

"काकी, अहो ते आपण तेव्हा पूजेला..." चंदूचं सुरू झालं, पण लता उठून टेबलाशी गेली आणि त्याच्या फोनवर पालथा पंजा ठेवून उभी राहिली. "थांब रे. घेऊ दे तिला."

नवा पासवर्ड मागितला, दिला. तोच पाकिटाच्या चित्रात घातला. जुन्या फोनने वेळ घेतला. चक्र फिरत होतं आणि साठ माणसं माझ्या हाताकडे बघत होती. मग मेल पडायला लागले, तीन वर्षांचे, एकावर एक. दिशाने शिकवलं होतं तसं मी 'पाठवलेले' उघडलं. मी जन्मात एकही मेल पाठवलेला नव्हता. तिथे सात होते. बिल्डरच्या निवडीला माझी संमती. हिशेब तपासनीसाला माझी संमती. चंदूला पुन्हा सेक्रेटरी करायला माझी आनंदाने संमती. सगळ्यात वर बावीस तारखेचा.

"ऐका," मी म्हटलं आणि माइक माझ्याकडे ओढला. ऑपरेटरचा आवाज लावला, सुटा, स्वच्छ, एकेक शब्द मोजून. राग इतका होता की पुढे काय लिहिलंय ते आधी बघून घ्यावं, एवढं भान मला राहिलं नाही. "'मा. सेक्रेटरी. दुसऱ्या माळ्यावरील घरासाठीचा अर्ज मी मागे घेत आहे. माझे पती श्री. शिवदास घाडी यांची प्रकृती पाहता ते आता फार दिवसांचे सोबती नाहीत. नव्या इमारतीचा ताबा मिळेपर्यंत खालच्या घराची गरज उरणार नाही. तरी...'"

तिथे माझा आवाज थांबला. पण वाचायचं ते वाचून झालं होतं. माइकवरून. आमचे हे पहिल्या रांगेत बसून ऐकत होते.

चंदू पुटपुटला, "बिल्डरच्या माणसाने मजकूर दिला होता, काकी, मी नीट वाचला पण नाही..."

मी त्याच्याकडे गेले. माझा हात उचललेला होता, हे मला लताने धरल्यावर कळलं. "मेल्या," मी म्हटलं, "तुझ्या डोक्यावर हात ठेवला होता रे मी." मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, तीन दिवस साठवलेलं. पण मागून आवाज आला.

"इरा. फोन दी."

हे हात पुढे करून बसले होते. डावा हात. झटक्यानंतर ह्यांना शहरी बोलणं जड जातं, जीभ पुन्हा मालवणला गेलीय. "माका दी," ते परत म्हणाले.

मी फोन दिला. कुठे दाबायचं ते दाखवलं, सोसायटीचा मेलचा पत्ता घालून दिला, तो मेल चंदूच्याच फोनवर येतो. ह्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि डाव्या अंगठ्याने एकेक अक्षर शोधायला सुरुवात केली. चुकायचं, पुसायचे, पुन्हा शोधायचे. मी मदतीला वाकले तर कोपराने बाजूला सारलं. अकरा मिनिटं गेली. मी घड्याळ बघितलं म्हणून सांगते. एरवी सभेत कोरमसाठी माणसं धरून आणावी लागतात, त्या दिवशी एक खुर्ची सरकली नाही. चंदू उभा होता, त्याला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

मग ह्यांनी अंगठा जोरात टेकवला आणि मान वर केली.

चंदूचा फोन वाजला. लताने पंजा उचलला. धोंडिराम काकांनी फोन उचलून डोळ्यांसमोर धरला आणि सवयीप्रमाणे मोठ्याने वाचलं.

"मी शिवदास घाडी. मी अजून आसंय. छत्तीस पायऱ्यो चढतंय. दुसरो माळो."

काकांनी फोन खाली ठेवला आणि चंदूकडे न बघता म्हणाले, "सोसायटीला मेल मिळाला. नोंद करा."

लता बोर्डाकडे गेली आणि तिने यादी टाचण्यांसकट ओढून काढली. मागच्या रांगांतून एकेक जण आपापल्या मेलचा कोड मागवत, फोन घेऊन टेबलाशी यायला लागला, आणि चंदूचा फोन टुंग टुंग वाजत राहिला. मी ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. माझ्या तोंडून ते वाक्य गेलं होतं, ते परत घेता येत नव्हतं. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला, काठी सावरली आणि जिन्याकडे चालू लागले. सकाळच्या पायऱ्या सभेमुळे राहिल्या होत्या.